वायफाय राउटर घेण्याआधी घर मोजा: खेड्यातल्या भरल्या घरासाठी

राउटर घ्यायला आलेला माणूस दुकानात बहुतेकदा एकच सांगतो, "भाऊ, चार अँटिनावाला द्या, रेंज पाह्यजे." दुकानदारही तेच काढून देतो. घरी लावल्यावर समोरच्या खोलीत झकास चालतं आणि मागच्या माजघरात व्हिडिओचं चाक पहिल्यासारखंच फिरत राहतं.

यात राउटरचा दोष कमी असतो. वायफायच्या सिग्नलची ताकद सरकारी नियमांनी बांधलेली आहे. दोन अँटिना असोत की सहा, त्या मर्यादेपलीकडे कंपनीला जाता येत नाही. शिवाय मोबाइललाही राउटरकडे परत सिग्नल पाठवावा लागतो, आणि मोबाइलची ताकद राउटरहून कमी असते. म्हणून कधीकधी दांड्या पूर्ण दिसतात, पण पान उघडत नाही. माझं मत सरळ आहे: आपल्याकडच्या घरांत महागड्या राउटरपेक्षा मधम राउटर, चांगली केबल आणि बॅटरी बॅकअप यांवर केलेला खर्च जास्त कामाला येतो. वरुड-मोर्शीकडच्या संत्रावाल्या कास्तकाराचं घर डोळ्यांसमोर ठेवून लिहितो आहे. पुढे स्लॅबच्या दोन खोल्या, मागे जुनं मातीचं कवेलूचं घर, बाजूला टिनाची सपरी आणि आंगणापलीकडे गुरांचा कोठा. यवतमाळ-वर्ध्याकडची घरंही यापेक्षा फार वेगळी नाहीत.

आधी कनेक्शन तपासा

नवीन राउटरने कनेक्शनचा स्पीड वाढत नाही. प्लॅन ४० एमबीपीएसचा असेल तर दहा हजारांचा राउटरही ४०च देणार. म्हणून पहिलं काम हे: ऑपरेटरने बसवलेल्या डब्याला लॅपटॉप केबलने जोडा आणि स्पीड टेस्ट करा. लॅपटॉप नसेल तर डब्यापासून दोन-तीन हातांवर उभं राहून मोबाइलवर करा, आणि मोबाइल ५ गिगाहर्ट्झच्या वायफायला (२.४ आणि ५ या दोन लहरींपैकी जलद, पण कमी लांब जाणाऱ्या) जोडलेला आहे ना तेवढं पाहा. एकदा सकाळी आणि एकदा रात्री आठ-नऊला, सगळं गाव मोबाइलवर असतं तेव्हा. डब्याजवळच स्पीड पडत असेल तर तक्रार ऑपरेटरकडे करायची, राउटरवर पैसे घालायचे नाहीत. डब्यावरचा 'लॉस' (LOS) नावाचा लाल दिवा लुकलुकत असेल तर फायबरमधून प्रकाश नीट येत नाही, बहुधा केबल कुठेतरी तुटली किंवा मुडपली आहे.

आपल्याकडे कनेक्शन साधारण तीन वाटांनी येतं. पहिली वाट फायबरची. ग्रामपंचायतींपर्यंत फायबर नेण्याची योजना २०११ मध्ये मंजूर झाली, पुढे तिचंच नाव भारतनेट झालं. पंचायतीपासून घरापर्यंतचा तुकडा मात्र स्थानिक ऑपरेटरच ओढतो. दुसरी वाट एअरफायबरची. छतावर ५जीचा डबा लागतो आणि तिथून एक केबल घरात उतरते. तिसरी, सिमकार्डवाला ४जी किंवा ५जी राउटर. फायबर दारापर्यंत आलेलं असेल तर माझी पसंती डोळे झाकून फायबरला.

ऑपरेटरच्या डब्याच्या जागी स्वतःचा राउटर चालेल का, हेही आत्ताच विचारून घ्या. बीएसएनएलच्या फायबरला पीपीपीओई नावाच्या लॉगिनचं युजरनेम आणि पासवर्ड लागतो, तो ऑपरेटरकडून लिहून घ्या. काही कंपन्या त्यांचा डबा काढू देत नाहीत. तिथे तो तसाच ठेवून त्याच्या लॅन पोर्टला (घरातली उपकरणं केबलने जोडायची खाच) आपला राउटर जोडायचा आणि जुन्या डब्याचं वायफाय बंद करायचं.

उपकरणं कागदावर उतरवा

"आमच्या घरी काय, पाच मोबाइल" असं म्हणणाऱ्या घरातही मोजायला बसलं की आकडा पंधरा-वीसवर जातो. मोबाइल, पोराचा लॅपटॉप, दोन टीव्ही, कॅमेरे, छतावरच्या सोलरच्या इन्व्हर्टरला लागलेला वायफायचा डोंगल, स्मार्ट प्लग, प्रिंटर. घरातच महा ई-सेवा केंद्र असेल तर दोन संगणक आणि अंगठ्याचं यंत्र वेगळं.

आकड्यापेक्षा महत्त्वाचं आहे ते यांचे तीन गट पाडणं. न हलणारी आणि जास्त डेटा खाणारी: टीव्ही, कॅमेऱ्यांचा रेकॉर्डर, संगणक. फिरणारी: मोबाइल, लॅपटॉप. आणि बारकी: प्लग, बल्ब, सोलरचा डोंगल, जी फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालतात आणि डेटा जवळपास खातच नाहीत. पहिल्या गटाला शक्य तिथे केबल लावा. दोन टीव्ही आणि रेकॉर्डर वायफायवरून काढले की उरलेल्यांना एवढा मोकळा श्वास मिळतो की कधीकधी नवीन राउटर घ्यायचं कामच पडत नाही.

एचडी व्हिडिओला साधारण ५ एमबीपीएस लागतात, फोर-केला १५ ते २५. दोन मेगापिक्सेलचा कॅमेरा नवीन पद्धतीच्या कॉम्प्रेशनवर १ ते २ एमबीपीएस घेतो. चार कॅमेरे घरातल्याच रेकॉर्डरवर साठवत असतील तर इंटरनेटवर त्यांचा भार नाही, पण वायफायवर चोवीस तास आहे. तेच कॅमेरे क्लाउडवर साठवत असतील तर अपलोड किती मिळतो ते बघा. एअरफायबरवर डाउनलोडच्या मानाने अपलोड बराच कमी असू शकतो.

आता 'जास्त उपकरणं' म्हणजे नेमकी अडचण काय? एका चॅनलवर एका वेळी एकच उपकरण बोलतं, ग्रामसभेत माईक एकच असावा तसं. जवळचा मोबाइल आपलं म्हणणं झटक्यात सांगून मोकळा होतो. कोठ्यावरचा कॅमेरा, ज्याला रेंज धड येत नाही, तो तेच म्हणणं सावकाश, पुन्हा पुन्हा सांगतो आणि तोपर्यंत बाकीचे थांबून राहतात. म्हणजे सगळं घर हळू करायला कमी रेंजचा एक कॅमेरा पुरतो. वीस उपकरणांपैकी अठरा निवांत बसलेली असतील तर काही बिघडत नाही. खालच्या रेंजवर लटकलेलं एक असलं की बिघडतं.

घराचा नकाशा, भिंतींसकट

वहीच्या पानावर घर काढा. खोल्या काढा, आणि भिंत कशाची आहे ते प्रत्येक भिंतीवर लिहा. विटांची अर्धी भिंत सिग्नल थोडा खाते. मातीची दीड-दोन फुटांची भिंत बराच खाते, ५ गिगाहर्ट्झचा तर जवळपास गिळून टाकते. स्लॅबमध्ये सळई असते, त्यामुळे वरच्या माडीवर एकच राउटर पुरेल अशी आशा धरू नका. टिनाचे पत्रे सिग्नल आरपार जाऊच देत नाहीत, परतवतात.

नकाशावर कूलर दाखवायला विसरू नका. आपल्या भागात मार्च ते जून खिडकीत कूलर असतोच. पत्र्याचं शरीर आणि पोटात पाणी, वायफायला दोन्ही नको असतात. हिवाळ्यात आंगणात छान येणारी रेंज उन्हाळ्यात जाते, त्यामागे पुष्कळदा खिडकीतला कूलर असतो. राउटर आणि आंगण यांच्या मध्ये तो येत असेल तर राउटर दुसऱ्या भिंतीला घ्या. तीच गोष्ट गोदरेजच्या कपाटाची आणि धान्याच्या पत्र्याच्या कोठीची.

मग मोबाइलवर वायफाय अ‍ॅनालायझर प्रकारचं एखादं फुकट अ‍ॅप टाका आणि सध्याचा राउटर चालू ठेवून घरभर फिरा. अ‍ॅप उणे आकडा दाखवतं. उणे ५० म्हणजे उत्तम, उणे ६७ पर्यंत व्हिडिओ आणि कॉल नीट चालतात, उणे ७५ च्या खाली नुसता त्रास. नकाशावर खोली-खोलीत हे आकडे लिहा. उणे ७० च्या खाली गेलेल्या जागांना गोल करा. त्या गोलांवरून ठरतं की एक राउटर पुरतो की दुसरा पॉइंट, म्हणजे वायफाय देणारा दुसरा डबा, लागतो.

फायबर बसवणारा माणूस डबा दाराजवळ, मीटरच्या बोर्डाशेजारी ठोकून मोकळा होतो, कारण त्याची केबल तिथे संपते. जोडणीच्या दिवशीच सांगा की केबल घराच्या मधल्या खोलीपर्यंत पाहिजे. नंतर बोलवलं तर वेगळे पैसे लागतात आणि तो चार दिवस येत नाही. फायबर कोपऱ्यात दाबून वाकवू देऊ नका, हाताच्या पंजाएवढी गोलाई राहू द्या.

खोक्यावरचं काय वाचायचं

पहिलं, वायफाय ६, म्हणजे वायफायची सहावी पिढी. २०२६ मध्ये वायफाय ४चा, म्हणजे 'एन ३००' लिहिलेला राउटर कुणी स्वस्तात देत असेल तरी घेऊ नका. तो फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालतो. वायफाय ५ चालेल, पण भरल्या घरासाठी वायफाय ६च बरा. त्यात एकाच वेळी अनेक उपकरणांना थोडा थोडा वाटा देण्याची सोय आहे. ती सोय वायफाय ६च्या मोबाइललाच मिळते, जुन्या मोबाइलला नाही, हे दुकानदार सांगत नाही. वायफाय ७च्या मागे लागायचं खेड्यातल्या घराला कारण दिसत नाही.

दुसरं, 'एएक्स १५००' किंवा 'एएक्स ३०००' हा आकडा. १५०० म्हणजे २.४ वर ३०० आणि ५ वर १२०१ यांची बेरीज. कोणत्याही एका मोबाइलला १५०० मिळत नाहीत. त्याच खोलीत ५ गिगाहर्ट्झवर प्रत्यक्षात १२०१च्या निम्मा-अर्धा मिळाला तरी राउटर चांगला समजा. २.४ वर तर ५०-६० मिळाले तरी पुष्कळ. एएक्स ३०००चा मोठा आकडा १६० मेगाहर्ट्झच्या रुंद पट्ट्यावरचा असतो आणि बहुतेक मोबाइल ८० वरच चालतात. १०० ते २०० एमबीपीएसच्या कनेक्शनला एएक्स १५०० पुरतो. एएक्स ३००० घ्यायचा तर बरा प्रोसेसर आणि जास्त मेमरी मिळते म्हणून घ्या; पंचवीस-तीस उपकरणं सांभाळताना तेच कामी येतं.

तिसरं, आणि इथेच लोक फसतात: पोर्ट. खोक्यावर '१०/१००' लिहिलं असेल तर त्या केबलमधून १०० एमबीपीएसच्या वर काही जाणार नाही, वायफायचा आकडा कितीही मोठा असो. 'गिगाबिट' हा शब्द वॅन (बाहेरून येणारी केबल लागते ती खाच) आणि लॅन दोन्हीसमोर पाहिजे. लॅनचे निदान तीन पोर्ट घ्या.

चौथं, 'अ‍ॅक्सेस पॉइंट मोड' (दुसरा राउटर पहिल्याच्याच नेटवर्कचं वायफाय पुढे देतो ती सोय) आणि मेश, म्हणजे एकमेकांशी जुळून चालणारे अनेक डबे, जोडण्याची सोय. आज दुसरा पॉइंट लागत नसला तरी उद्या माडी चढेल. पाचवं, अ‍ॅडॉप्टर १२ व्होल्टचा असावा. ९ व्होल्टचाही राउटर चांगला असतो, पण बॅकअप घ्यायला गेलं की १२ वालाच सहज मिळतो. अशा राउटरची किंमत साधारण अडीच ते चार हजारांत बसते. त्याच्या वरचे पैसे केबल आणि बॅटरी बॅकअपसाठी ठेवा.

दुसरा पॉइंट

मागच्या घरात रेंज नाही म्हटलं की दुकानदार रिपीटर पुढे करतो, तो बोर्डात खोचायचा असतो. स्वस्त आहे आणि लगेच चालतो, पण तोच सिग्नल ऐकून तोच पुढे पाठवत असल्याने स्पीड निम्म्याच्या आसपास पडतो. लोक तो लावतातही रेंज नसलेल्या खोलीत, जिथे त्यालाच काही ऐकू येत नाही. बिनतारी मेशचंही मातीच्या जाड भिंतीपुढे फारसं चालत नाही.

खरा उपाय केबलचा. समोरच्या राउटरपासून मागच्या घरापर्यंत कॅट ६ केबल ओढा आणि तिकडे दुसरा राउटर अ‍ॅक्सेस पॉइंट मोडमध्ये लावा. जुना राउटरही चालतो. नाव आणि पासवर्ड दोन्हीकडे एकच ठेवा, चॅनल वेगळा. एका ताणात केबल १०० मीटरपर्यंत चालते. अ‍ॅक्सेस पॉइंट मोड न लावता नुसती जोडली तर घरात दोन वेगळी नेटवर्क होतात, आणि पुढच्या खोलीतल्या मोबाइलला मागचा प्रिंटर दिसत नाही. जुन्या राउटरला तो मोड नसेल तर त्याचं डीएचसीपी (उपकरणांना नेटवर्कचे पत्ते वाटायची सोय) बंद करा, त्याचा पत्ता बदला आणि केबल त्याच्या लॅन पोर्टात लावा, वॅनमध्ये नाही.

केबल घेताना ब्लेड मागून घ्या आणि आतल्या एका तारेचं टोक खरवडून बघा. आतून पांढरी चांदीसारखी निघाली तर ती तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची तार आहे. आतपर्यंत लाल राहिली तर तांबं. स्वस्त केबल दहा मीटरवर चालून जाते, पण पन्नास मीटरवर आणि त्यातूनच कॅमेऱ्याला वीज द्यायची असेल तर ती दगा देते. कवेलूखालून केबल नेताना पीव्हीसी पाइपातून न्या. उंदीर आणि खार यांना केबलचं आवरण फार आवडतं.

कोठा आणि वावर

कोठा शंभर मीटरच्या आत असेल तर वरचीच पद्धत, फक्त बाहेरची काळ्या आवरणाची केबल घ्या, उन्हात तीच टिकते. कोठ्यात आतला राउटर लावू नका, कुटाराची धूळ आणि ओल त्याला पावसाळाही काढू देत नाही. बाहेर लावायचा अ‍ॅक्सेस पॉइंट मिळतो, ज्याला त्याच केबलमधून वीज जाते. कॅमेरे या पॉइंटला जोडले की घरातलं वायफाय त्यांच्या ओझ्यातून सुटतं.

वावर अर्ध्या किलोमीटरवर असेल तर ५ गिगाहर्ट्झच्या दोन बिनतारी डब्यांची समोरासमोर लावायची जोडी येते, एक घराच्या छतावर, एक विहिरीच्या खोलीवर. एकाला दुसरा दिसलाच पाहिजे. संत्र्याचं झाड मध्ये आलं की काम बिघडतं, कारण पानातलं पाणी सिग्नल खातं. हिवाळ्यात लावलेली जोडी पावसाळ्यात झाडं वाढल्यावर अडखळते, म्हणून डबे बसवायचा पाइप झाडांच्या पुढच्या दोन वर्षांच्या वाढीच्या वर न्या. त्याहून लांब असेल किंवा वावरात लाइनच नसेल तर हा खटाटोप सोडा. सोलरवर चालणारा सिमकार्डचा कॅमेरा घ्या, वायफायशी संबंधच नाही. मोटारीचे मोबाइल स्टार्टरही बहुतेक सिमवरच चालतात, त्यांना राउटरच्या हिशोबात धरू नका.

ऊन, लाइन आणि विजा

घरगुती राउटरच्या माहितीपत्रात चालण्याचं तापमान बहुधा ० ते ४० अंश दिलेलं असतं. आपल्याकडे मे महिन्यात बाहेरच ४५ असतं, टिनाखालच्या खोलीत दुपारी काय होत असेल ते वेगळं सांगायला नको. दुपारी दोन ते पाच वायफाय हळू होतं आणि संध्याकाळी आपोआप सुधारतं, अशी तक्रार असेल तर आधी राउटर कुठे टांगला आहे ते बघा. पत्र्याला लागून, माळ्यावर, टीव्हीच्या मागे किंवा इन्व्हर्टरच्या बॅटरीवर नको. डोक्याच्या उंचीवर, भिंतीपासून थोडा सुटा, चारी बाजूंनी हवा लागेल असा. पेच असा आहे की मातीचं माजघर थंड असतं पण सिग्नल बाहेर सोडत नाही, आणि बाजूची टिनाची सपरी मोकळी असते पण तापते. दोन पॉइंट केबलने जोडले की दोन्ही जागा निवडायचं स्वातंत्र्य मिळतं.

लाइन जाते तेव्हा राउटर आणि फायबरचा डबा दोन्ही चालू राहिले पाहिजेत, एकालाच बॅकअप देऊन उपयोग नाही. घरात इन्व्हर्टर असेल तर त्याच्या मागच्या बाजूला 'यूपीएस' मोडचं बटण आहे का बघा. ते चालू असलं की लाइन गेल्याबरोबर बॅटरीवर इतक्या झटकन जातं की राउटर बंद होऊन पुन्हा सुरू होत नाही. इन्व्हर्टर नसेल तर १२ व्होल्टचा छोटा डीसी यूपीएस घ्या. दोन्ही डब्यांच्या अ‍ॅडॉप्टरवरचे अँपिअर बेरीज करा, यूपीएसचे त्याहून कमी नकोत. डबा ६ वॅट आणि राउटर ८ वॅट धरला तर ३० वॅट-तासांची बॅटरी दोन तास चालेल. खोक्यावरचे 'चार तास' एकट्या छोट्या राउटरचे असतात. पिनची जाडीही जुळली पाहिजे, जुना अ‍ॅडॉप्टर सोबतच घेऊन जा.

रोहिणी-मृगाच्या विजांमध्ये मात्र बॅकअपचा मोह सोडा. आभाळ भरून यायला लागलं की राउटरचा अ‍ॅडॉप्टर बोर्डातून काढा, आणि छतावरून किंवा कोठ्याकडून आलेली तांब्याची केबलही राउटरमधून काढा. वीज कडकडायच्या आधी काढा. सुरू झाल्यावर तारेला हात लावू नका. फायबरची काच वीज वाहत नाही, पण तिला आधार देणारी पोलादी तार असते, ती डब्याच्या जवळपास लोंबकळत ठेवू नका. नुसत्या स्पाइक गार्डच्या भरवशावर राहू नका, घराला अर्थिंग धड नसेल तर तो नावापुरताच आहे.

पहिल्या दिवशीची सेटिंग

अ‍ॅडमिनचा पासवर्ड बदला, वायफायचा वेगळा ठेवा. सुरक्षा डब्ल्यूपीए २ आणि ३ मिश्र ठेवा, नुसत्या ३ वर जुने प्लग आणि कॅमेरे जोडले जात नाहीत. २.४ चा पट्टा २० मेगाहर्ट्झ आणि चॅनल १, ६ किंवा ११ यांपैकी जो अ‍ॅपमध्ये मोकळा दिसेल तो. बारक्या उपकरणांसाठी २.४ चं वेगळं नाव करा, नाहीतर प्लग जोडताना मोबाइल ५ वर असतो आणि प्लग त्याला सापडतच नाही. लग्नाकार्याच्या पाहुण्यांसाठी गेस्ट नेटवर्क द्या, घरचा पासवर्ड नाही. कॅमेऱ्यांचे कंपनीने दिलेले पासवर्ड आजच बदला. फर्मवेअर (राउटरच्या आतलं सॉफ्टवेअर) अपडेट करा, पण बॅकअप लागलेला असतानाच. मध्येच लाइन गेली तर राउटर कायमचा बंद पडू शकतो.

राउटर परत करायची मुदत असेल तर ती वाया घालवू नका. रात्री आठला सगळे घरी असताना, दोन्ही टीव्ही आणि कॅमेरे चालू ठेवून, नकाशावर गोल केलेल्या प्रत्येक जागेवर पुन्हा आकडा घ्या. मग दुपारी तीनला, खोली तापलेली असताना, एकदा. उणे ६७ च्या आत आकडा आणि डब्याजवळ मिळालेल्या स्पीडच्या निम्मा तरी स्पीड मिळत नसेल तर आधी जागा बदलून बघा. तरीही जमलं नाही तर खोकं, अ‍ॅडॉप्टर आणि बिल घेऊन मुदतीच्या आत दुकान गाठा.